मदत हवी आहे: सोसायटीत रॉटवायलरचं पिल्लू

मंडळी, आम्ही मुलुंडला फ्लॅटमध्ये राहतो. घरी रॉटवायलरचं अडीच महिन्यांचं पिल्लू आलंय, नाव भैरू. अजून आरशातल्या स्वतःवरच भुंकतो, पण सोसायटीत ‘माणसं फाडणारी जात’ म्हणून बोभाटा आधीच झालाय.

कायद्याचा वाद इथे नको, प्लीज. केंद्राच्या मार्च २०२४ च्या २३ जातींवरच्या बंदीच्या पत्रकात रॉटवायलर होता आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं, हे माहीत आहे. रेबीजची लस झाली की महापालिकेचं लायसन्सही काढणार.

अडचण वेगळीच आहे. माणसांची, आवाजांची सवय लावायची ती पिल्लू साधारण चौदा आठवड्यांचं व्हायच्या आत. पण लसी पूर्ण होईपर्यंत पार्वोच्या (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) भीतीने डॉक्टर खाली जमिनीवर सोडू देत नाहीत. म्हणून कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत फिरवते. रिक्षा, भाजीवाल्या, हेल्मेटवाले डिलिव्हरी बॉय, सगळं दाखवते. (हात भरून येतात, वजन काही कमी नाही!) एवढं पुरतं का?

शिवाय हात चावतो, सासूबाईंच्या साडीला लोंबकळतो. मोठ्या जातीचं कुत्रं फ्लॅटमध्ये वाढवलेल्यांनी सांगा, ही तोंड मारायची सवय कशी मोडलीत? आणि लिफ्टमध्ये घाबरणाऱ्या शेजाऱ्यांशी ओळख कशी करून दिलीत? मारून शिकवणारे ट्रेनर मात्र सुचवू नका.