उभ्या पाटीचा फॉरेस्ट रोड: साधी कार न्यावी का?

कॅस्केडकर:
वॉशिंग्टन राज्यात हायकिंगला जाणाऱ्यांसाठी माझं मत सरळ आहे. फॉरेस्ट सर्व्हिसच्या (अमेरिकी वनखात्याच्या) ज्या रस्त्याच्या पाटीवर आकडे एकाखाली एक लिहिलेत, तिथे सिव्हिक-कॅमरी नेऊच नये. उभा नंबर म्हणजे देखभालीची पातळी 2, उंच गाड्यांसाठी. आडवा नंबर असेल तर सावकाश कुठलीही गाडी जाते. आणि एमव्हीयूएम नकाशात, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या वाहनवापर नकाशात, रस्ता दिसला की लोक निघतात! तो नकाशा 2005 च्या नियमातून आला. कुठल्या वाहनाला कोणत्या तारखांना परवानगी, एवढंच तो सांगतो. मोरी वाहून गेलीय का, हे रेंजर स्टेशनला, म्हणजे तिथल्या वन कार्यालयाला, फोन करूनच कळतं.

पंक्चरपंत:
अर्धंच पटलं. गाडी अडकते ती बहुतेक वेळा टायरमुळे. धारदार खडीने साइडवॉल (टायरची बाजू) फाटली की प्लग बसत नाही, पंक्चर किट कुचकामी. 19 इंची रिम आणि पातळ टायरच्या चकचकीत एसयूव्हीपेक्षा 16 इंचीवाली कोरोला बरी. हवा 35 वरून 27-28 पीएसआयवर आणा, वेग ताशी 15-20 मैल ठेवा. वॉशबोर्डवर, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांवर, चाकं उड्या मारत नाहीत, पकड राहते. डांबरी लागताच पंपाने परत भरा, नाहीतर टायर तापतो. आणि डिकीत पूर्ण आकाराची स्टेपनी हवी.

कॅस्केडकर:
आडव्या चरांचं काय? पाणी रस्त्याबाहेर काढायला ते मुद्दाम खणलेले असतात. सरळ घेतले तर आधी बंपर घासतो, मग पोट. तिरके घेतले तर एक चाक अधांतरी होतं आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये नेमकं तेच गरगरत राहतं. ऑइल पॅन फुटला तर तिथे मोबाइलला रेंजही नसते.

घाटमाथा:
तुम्ही दोघं गाडीतच अडकलात. मे-जूनमध्ये खालचा रस्ता कोरडा असतो, पण उत्तरेकडच्या उतारावरच्या एखाद्या वळणावर बर्फ उरलेला असतो, तोही दरीकडे कललेला. त्यावर फोर-व्हील ड्राइव्हही बाहेरच्या कडेलाच घसरते. एकेरी रस्ता, वळायला जागा नाही. मागच्या टर्नआउटपर्यंत, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुंद जागेपर्यंत, रिव्हर्सच घ्यावी लागते. शिवाय ओल्या मातीत चाकोऱ्या पडतात. पाणी कडेची चारी सोडून त्यांतून वाहतं आणि भराव पोखरतं. या चाकोऱ्या पाडतात उंच गाडीवालेच, सिव्हिकवाले नव्हेत. माती सुकेपर्यंत रस्त्याचं गेट बंदच हवं.

पंक्चरपंत:
सरसकट बंदला माझा विरोध. ग्लेशियर पीककडे जाणारा सुआटल नदीचा रोड क्रमांक 26 हा 2003 च्या पुरात तुटला, 2006 मध्ये पुन्हा, आणि उघडला 2014 ला. तोवर ट्रेलहेडपर्यंत (पायवाट सुरू होते तिथपर्यंत) कित्येक मैल चालत नाहीतर सायकलने. बंद रस्त्याकडे कोण फिरकतं? मोरीच्या तोंडाशी फांद्या साचतात, पाणी वरून चढतं, भराव जातो.

घाटमाथा:
तो पुराने तोडला, गेटने नव्हे. दोन महिन्यांचं हंगामी गेट आणि अकरा वर्षं रखडलेली दुरुस्ती एका मापात मोजू नका. मोरी साफ करायला क्रू गेटची किल्ली घेऊन जातोच.

कॅस्केडकर:
गेटचा विषय निघालाच आहे तर: बंद असलं तरी त्याच्यासमोर गाडी लावू नका, आगीचा बंब तिथूनच आत जातो. ऑगस्टमध्ये वाळक्या गवतावरही लावू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तापलेला असतो, गवत पेटतं.

पंक्चरपंत:
हे मात्र शंभर टक्के मान्य. कोरोलाबद्दल मत बदललेलं नाही.