बुकॅननबद्दल थोडी भर
ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश फ्रान्सिस बुकॅनन म्हणजे नुसता झाडपाला गोळा करणारा डॉक्टर असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. १७९५ ला कंपनीच्या वकिलातीबरोबर सर्जन म्हणून तो ब्रह्मदेशात गेला, तिथे त्याने स्थानिक लोकांकडूनच त्यांच्या मुलखाचे नकाशे काढून घेतले, त्यातला एक तर चक्क युवराजाच्या गुलामाने काढलेला, आणि पुढे स्कॉटलंडात गेल्यावर ते छापले पण. टिपू पडल्यावर म्हैसूरचा सर्व्हे केला तो वेगळाच. १८१४ ला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचा चार्ज मिळाला, पण वर्षभरात मायदेशी निघाला तर गव्हर्नर जनरलने त्याची झाडाप्राण्यांची चित्रंच ठेवून घेतली, एवढ्या वर्षांची मेहनत हो! बाकी रोहू, कटला, हिलसा या माशांच्या शास्त्रीय नावापुढे हॅमिल्टन लागतं ना, तो हाच, आईकडचं आडनाव नंतर लावलं त्याने.