ठरलेल्या जोडीनं उडणाऱ्या बिझनेस जेट वैमानिकांना सीआरएममध्ये नेमकं काय शिकवावं?

ग्राउंडक्लास
दोन वैमानिकांच्या बिझनेस जेटसाठी सीआरएमचा (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमधल्यांनी मिळून नीट काम करायचं प्रशिक्षण) वर्ग बांधायचा आहे. ऑपरेटर छोटा, जोड्या जवळपास ठरलेल्या. अशा जोड्या सिम्युलेटरमध्ये चेकलिस्ट खणखणीत वाचतात आणि रोजच्या उड्डाणात तीच नजरेनं उरकतात. उतरंड, को-पायलटनं तोंड उघडायचं धाडस, या स्लाइड सगळ्यांना पाठ आहेत. त्यापलीकडे कोणते अपघात घ्यावेत, आणि त्यावरून सिम्युलेटरमध्ये काय करून घ्यावं?

गस्टलॉक
अमेरिकेतल्या बेडफर्डच्या अपघातापासून सुरुवात करा. ३१ मे २०१४ च्या रात्री तिथल्या हॅन्सकम फील्ड विमानतळावर गल्फस्ट्रीम जी-फोर हे जेट धावपट्टी संपली तरी उचललं नाही. विमानातले सातही जण गेले. उभ्या विमानाचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे शेपटीवरचे फलक), एलेरॉन, रडर वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून गस्ट लॉक लावतात. इंजिन सुरू करण्याआधी काढायचं ते लॉक तसंच राहिलं होतं. कंट्रोल चारही बाजूंना पूर्ण हलवून पाहिले असते तर उभ्या जागीच कळलं असतं. रेकॉर्डरमधला जुना डेटा काढला तेव्हा दिसलं, की आधीच्या १७५ टेक-ऑफपैकी ९८ टक्के वेळा पूर्ण तपासणी झालीच नव्हती. याला विसरणं म्हणत नाहीत, तो त्या जोडीचा रिवाज होता.

वर्ग बहुतेक इथेच थांबतो आणि 'चेकलिस्ट पाळा' म्हणून पुढे सरकतो. माझ्या मते खरा धडा त्यानंतरच्या सेकंदांत आहे. लॉक लागलेलं असताना थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवायचे दांडे) साधारण ६ अंशांच्या पुढे जायलाच नको होते. प्रत्यक्षात त्यांना अडवणाऱ्या इंटरलॉकनं त्याच्या तीन-चारपट मोकळीक दिली आणि विमानानं वेग घेतला. थ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर, ठरल्यापेक्षा कमी होता. ६० नॉट्सला एलिव्हेटर मोकळा आहे का हे योकवरून (वैमानिकाच्या हातातलं स्टिअरिंग) पडताळायचं असतं, तेही निसटलं. लॉक लागलंय हे कॉकपिटमध्ये पुन्हा पुन्हा बोललं गेलं, तरी थ्रॉटल वेळेत मागे आले नाहीत. हायड्रॉलिक दाब तोडून लॉक सोडवायचा प्रयत्न झाला असावा, असा तपासाचा निष्कर्ष आहे. धावपट्टीवर धावत असताना दुरुस्ती!

सिम्युलेटरमध्ये ६० ते ८० नॉट्सच्या दरम्यान जाम एलिव्हेटर द्या, आधी सांगू नका. पहिला शब्द तोंडातून निघाल्यापासून थ्रॉटल आयडलला (सर्वांत कमी जोरावर) येईपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा आणि आकडा फळ्यावर लिहा. भाषण करू नका.

मिनिमम्स
तरी को-पायलटच्या धाडसाचा भाग काढू नका. छोट्या ऑपरेटरकडे उजव्या सीटवरच्याची नोकरी बऱ्याचदा डाव्या सीटच्या मर्जीवर असते. त्यानं गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) म्हटलं की चर्चा नाही, हे कागदावर हवं.

डावा_हात
कागदावर हवंच, पण गाठ तिथेच बसते असं नाही. ओहायोतलं अ‍ॅक्रन घ्या. १० नोव्हेंबर २०१५, हॉकर ७००, धावपट्टी २५ चा लोकलायझर (फक्त धावपट्टीची दिशा दाखवणारा रेडिओ सिग्नल) अ‍ॅप्रोच, नऊ मृत्यू. उडवत होता को-पायलट, पाहत होता कॅप्टन. ब्रीफिंग विस्कळीत झालं. पंखांमागचे फ्लॅप ४५ अंश वेळेआधीच आले, ड्रॅग वाढला, वेग गळू लागला. मग विमान मिनिमम उंचीच्या (धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्या खाली जायचं नसतं) खाली गेलं आणि अखेर स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल सुटली. वेग कमी होतोय, विमान फार वेगानं खाली जातंय, हे कॅप्टन बोलत होता. अधिकार त्याच्याकडे होता, शब्द होते, पण कंट्रोल घेतले नाहीत.

१५ मे २०१७ चं न्यू जर्सीतलं टेटरबरो त्याच जातीचं. रिकामं लिअरजेट ३५ए, धावपट्टी ०६ च्या आयएलएसवरून (उतरण्याची वाट दाखवणारा रेडिओ सिग्नल) वळून धावपट्टी ०१ वर उतरायचं होतं, वारा झोतांचा. कंपनीच्या नियमानं ज्या को-पायलटनं उडवायचंच नव्हतं त्याच्या हातात विमान. ब्रीफिंग नाही. कॅप्टन मॉनिटरिंग सोडून शिकवणी घेत बसला. वळण धावपट्टीपासून सुमारे पावणेचार मैलांवर सुरू करायचं, ते एक मैलाच्याही आत सुरू झालं. मग विमान आत खेचताना स्टॉल. दोघेही गेले.

म्हणून प्रत्येक कॉलआउटला (मोठ्यानं द्यायची ठरलेली सूचना) पुढची कृती बांधून द्या. 'स्पीड' म्हटलं की उडवणाऱ्यानं 'करेक्टिंग' म्हणायचं आणि आकडा लगेच सुधारायला लागला पाहिजे. दुसऱ्यांदा 'स्पीड' म्हणायची वेळ आली तर पुढचा शब्द 'गो-अराउंड', तिसरा 'आय हॅव कंट्रोल'. पहिली सूचना, दुसरी आज्ञा, तिसरी कृती. ढगात असाल तर १,००० फुटांवर, नाहीतर ५०० फुटांवर हिशोब तपासायचा: वेग व्ही-रेफ (उतरण्यासाठी ठरलेला वेग) ते व्ही-रेफ अधिक २० च्या आत, उतरणं मिनिटाला १,००० फुटांच्या आत, फ्लॅप-गिअर जागेवर. एक जरी चुकलं तरी वरची पायरी. 'जरा सांभाळ', 'बघ हां' हे शब्द कॉकपिटमधून हद्दपार करा. त्यांचा अर्थ दोघे दोन लावतात.

व्हीरेफ
कॅलिफोर्नियातलं ट्रकी राहून गेलं. २६ जुलै २०२१, चॅलेंजर ६०५, धावपट्टी ११ साठी सर्कलिंग (विमानतळाभोवती वळून धावपट्टीच्या रेषेत येणं), सहा मृत्यू. विमानाचं मूळ वजन संगणकात ३,००० पौंडांनी कमी भरलं होतं, त्यामुळे १२४ च्या जागी व्ही-रेफ ११८ नॉट्स आला. धावपट्टीच्या रेषेत यायला उशीर झाला, तेव्हा को-पायलटनं तीव्र डावं वळण घेऊन अ‍ॅप्रोच वाचवायचा प्रयत्न केला आणि कॅप्टननं हस्तक्षेप केला नाही. स्टॉलच्या इशाऱ्यांकडे दोघांनीही दुर्लक्ष केलं.

हा हिशोब वर्गात हातानं करून घ्या. अंदाजाला व्ही-रेफ स्टॉलच्या १.३ पट धरला, तर १२४ मागे सरळ उड्डाणातला स्टॉल सुमारे ९५ नॉट्सवर. उंची राखून ३० अंश कलवलं की तो ७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १०२. ४५ अंशांना १९ टक्के, ११३. ५० अंशांना जवळपास ११९, म्हणजे ११८ वर उडणारा तिथेच संपला. फ्लाइट स्पॉयलर (पंखांवरचे, उचल कमी करणारे फलक) वर असतील तर त्याही आधी. ट्रकीला ते वर होते. आकडे स्वतः मांडले की 'जरा जास्त कलवून रेषेत आणू' हा मोह आपोआप उतरतो. शिवाय वजन दोघांनी वेगवेगळं काढायचं आणि मगच जुळवायचं. एकानं वाचून दुसऱ्यानं मान डोलावणं ही तपासणी नव्हे.

टायरवाला
कोलंबिया, साउथ कॅरोलायना, सप्टेंबर २००८, लिअरजेट ६० विसरू नका, आणि देखभालवाल्यांनाही वर्गात बसवा. टायरची हवा सुमारे तीन आठवडे तपासली गेली नव्हती. टायर व्ही-वन (ज्या वेगानंतर टेक-ऑफ सोडायचा नसतो) नंतर फुटले, कॅप्टननं टेक-ऑफ सोडला. तुकड्यांनी नुकसान झालं आणि थ्रस्ट रिव्हर्सरही (इंजिनाचा जोर उलटा वळवून विमान थांबवणारे) हवे तेव्हा उपयोगी पडले नाहीत. चार मृत्यू. व्ही-वन पार झालं की टायर फुटला तरी हात थ्रॉटलवरून निघालेला हवा, हे ब्रीफिंगमध्ये मोठ्यानं बोलून ठेवायचं. त्या क्षणी धडाड आवाज येतो, विमान थरथरतं, आणि डोकं आधी ब्रेककडेच धावतं.

ग्राउंडक्लास
सिम्युलेटरचे दोनच तास हातात आहेत. मग काय ठेवू?

डावा_हात
दोनच गोष्टी: जाम एलिव्हेटरचा रिजेक्ट (टेक-ऑफ सोडणं), आणि ५०० फुटांखाली दुसऱ्याच्या हातातून विमान घेणं. दुसरीसाठी उडवणाऱ्याला गुपचूप चिठ्ठी द्या, 'वेग व्ही-रेफ उणे १० ला जाऊ दे, उत्तर देऊ नकोस.' मग जोडी बदला, कारण रोजचा जोडीदार काय करतोय हे माणूस गृहीत धरतो. बाकी सगळं वर्गात होतं. रेकॉर्डर असेल तर शेवटच्या २० उड्डाणांची कंट्रोल तपासणी काढून भिंतीवर लावा, नावं झाकून.

गस्टलॉक
आणि दोन महिन्यांनी पुन्हा २० काढा, कोणाला न सांगता.