मदत हवी आहे: घर ते पॅकहाऊस, फायबर टाकू की वायरलेस?

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. घर रस्त्यालगत, तिथे फायबरचं कनेक्शन आहे. पॅकहाऊस आणि शीतगृह बागेच्या दुसऱ्या टोकाला, अंदाजे साडेतीनशे मीटरवर. मधली जमीन आमचीच, त्यामुळे परवानगीची भानगड नाही. सीझनला तिकडे कॅमेरे, एक्स्पोर्टचे कागद, शीतगृहाचं तापमान, सगळं एकदम लागतं आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते निभत नाही.

तांब्याची लॅन केबल 100 मीटरपर्यंतच, म्हणून ती बाद. मधे नेटवर्क स्विच (सिग्नल पुढे पाठवणारा विजेवरचा डबा) लावा असं एक जण म्हणाला. पण बागेत खांबावर स्विच आणि वर वळवाच्या विजा? नको रे बाबा.

5 गिगाहर्ट्झचा वायरलेस जोड स्वस्तात होईल, पण वारा अडवायला लावलेली सुरूची रांग नेमकी मधे येते. झाडं वाढतच राहणार, टॉवर किती उंच करत बसायचा?

म्हणून मन सिंगल मोड फायबरकडे (लांब अंतराला चालणारी काचेच्या तंतूंची केबल) झुकतंय. अडचण घुशींची. आमच्याकडे त्या ठिबकच्या नळ्यासुद्धा कुरतडतात. आर्मर्ड केबल घेतली तर पोलादी कवच येतं, म्हणजे पुन्हा विजेची भीती आणि अर्थिंग आलंच. त्यापेक्षा एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) पाइपातून धातू नसलेली केबल ओढावी का? रोटाव्हेटर फिरतो, तर चर किती खोल घ्यावा? मोटारीच्या वीज केबलसाठी चर खणणारच आहोत, त्यातच टाकली तर चालेल? कोर (केबलमधले काचेचे तंतू) चार पुरतील की जास्त ठेवू?

स्प्लाइसिंगचं (फायबरचे तंतू जोडायचं) मशीन घेऊन मळ्यापर्यंत येणारा नाशिकमधला कुणी माहीत असेल तर मेसेज करा. ऑक्टोबर छाटणीच्या आत काम उरकायचंय.