एकरकमी घेऊन मोकळं व्हा, महिन्याच्या पोटगीच्या नादी लागू नका

रानजाई :
मामेबहिणीच्या घटस्फोटाचं पुण्यात परस्पर संमतीने चाललंय, एक वर्ष वेगळे राहून झालं, आता कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा, मसुदा बनतोय आणि घरात रोज एकच वाद, पोटगी एकरकमी घ्यायची की दर महिन्याला. माझं मत सरळ आहे, एकरकमी घ्या आणि मोकळ्या व्हा. ज्या माणसापासून सुटायचंय त्याच्याच ट्रान्सफरची दर १ तारखेला वाट बघत बसायचं, हे कसलं सुटणं? सुरुवातीला पैसे येतात, मग नोकरी गेली, आईचं ऑपरेशन, नवीन गाडीचा हप्ता, कारणं सुरूच. थकले की वसुलीसाठी कोर्टात दरखास्त लावा, वकिलाची फी भरा, तारखा घ्या. तिने पुढे दुसरं लग्न केलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली आधीचा नवरा पोटगी बंदही करून घेऊ शकतो. टॅक्सचंही बघा, महिन्याची पोटगी उत्पन्न धरतात, एकरकमी धरत नाहीत, मुंबई हायकोर्टाचा तसा जुना निकाल आहे.

कोथरूडकर :
अजिबात पटलं नाही. आकडे मांडून बघा. २० लाख मिळाले, ७ टक्क्यांनी एफडीत टाकले तर महिन्याला साधारण ११,६०० रुपये, त्यात पुण्यात भाडं तरी निघेल का? आणि ते २० लाख एफडीत राहतात कुठे, भावाला धंद्याला पाहिजेत, वडील म्हणतात आपल्याकडेच राहतेस तर घराचं काम काढू, दोन वर्षांत खातं रिकामं. महिन्याची पोटगी कोणाला उचलून देता येत नाही हाच तिचा फायदा. शिवाय वाढ लिहून घेता येते. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये एका केसमध्ये महिना ५०,००० आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिलाय. एकरकमी घेऊन "यापुढे कोणताही हक्क राहणार नाही" यावर सही केली की उद्या नवऱ्याचा पगार तिप्पट झाला तरी फार काही करता येत नाही.

रानजाई :
दादा, वाढ कागदावर असते हो, वसुली कोण करणार? जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणजे आता नव्या संहितेचं, बीएनएसएसचं १४४, त्याखाली मिळालेली पोटगी थकली तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या कलमाखाली वॉरंट निघत नाही. किती बायकांना हे माहीत असतं? आज देतील उद्या देतील करत वर्ष निघून जातं. भावाने पैसे उचलले हा भावाचा दोष झाला, एकरकमीचा नाही.

सांगलीकर :
नवऱ्याच्या बाजूने कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. माझ्या जवळच्या मित्राने एकरकमीसाठी पर्सनल लोन काढलं, सगळी रक्कम अर्ज दाखल करतानाच दिली आणि पुढच्या तारखेला बायकोने संमती मागे घेतली. हे बेकायदा नाही, डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम हुकूम, होईपर्यंत संमती मागे घेता येते असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय. म्हणून टप्पे करा, थोडी रक्कम अर्जाच्या वेळी, मोठा भाग शेवटच्या तारखेला कोर्टासमोर डीडीने, आणि फौजदारी केस असेल तर ती कधी आणि कोण मागे घेणार तेही त्याच कागदात. आणि २५ टक्के पगार द्यावाच लागतो हे जे सगळीकडे फिरतं तो सरसकट नियम नाही, २०१७ च्या एका निकालातला आकडा आहे. कमावती बायको, लग्न किती वर्षांचं, मूल कोणाकडे, कर्ज किती, सगळं बघतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली नवराही पोटगी मागू शकतो.

ठाणेकरीण :
मी गृहकर्जाच्या कामात आहे म्हणून एक कळकळीने सांगते. पोटगीवर महिनोन् महिने भांडतात आणि फ्लॅट एका ओळीत उरकतात, "सदर सदनिकेचे हप्ते पती भरतील". ती ओळ तुम्हा दोघांत, बँक त्यात नाही. तुम्ही सहकर्जदार असाल आणि त्याने तीन हप्ते चुकवले तर फोन तुम्हाला येणार, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, तुमचं पडणार, मग स्वतःसाठी लोन मागायला गेलात की नकार. एक तर कर्ज फेडून टाका, नाहीतर बँकेकडून एकाच्या नावावर करून घ्या आणि ते पत्र हातात आल्यावरच सही करा. अजून एक, महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र २०० रुपये मुद्रांकावर होतं, काही ठिकाणी वर १ टक्का लागतो. डिक्रीनंतर तुम्ही नवरा-बायको राहत नाही, म्हणजे ही सवलतही नाही. घर कोणाच्या नावावर जायचं ते आधीच उरका.

मडगावकर :
आमच्याकडे गोव्यात चित्रच वेगळं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे मालमत्ता दोघांची सामाईक, वेगळं होताना अर्धी अर्धी. महाराष्ट्रात तसं नाही हे ऐकून माझ्या बायकोची पुण्यातली मैत्रीण हबकली होती, पंधरा वर्षं घर सांभाळलं आणि फ्लॅटच्या कागदावर नाव नाही म्हणजे हिस्सा नाही, हे कसं पचवायचं?

कोथरूडकर :
म्हणूनच तर म्हणतो, हिस्सा मिळत नाही तर निदान दर महिन्याचा आधार सोडू नका. आणि मूल आहे का बहिणीला? ते कोणी विचारलंच नाही.

रानजाई :
मुलगा आहे, सातवीत. त्याच्यासाठी महिन्याची रक्कम मलाही मान्य आहे, कारण मुलाचा हक्क आईने सोडून दिला असं लिहिलं तरी तो सुटत नाही. बहिणीच्या स्वतःच्या पोटगीसाठी मात्र माझं एकरकमीच.

कोथरूडकर :
मग मुलाच्या कलमात वाढ लिहा, महागाई ६ टक्के धरली तर आजचे १५,००० बारा वर्षांनी साडेसात हजारांच्या लायकीचे राहतात. आणि फक्त १८ वर्षांपर्यंत असं लिहू नका, बारावीनंतरच्या फीचं वेगळं वाक्य टाका, खरा खर्च तिथेच आहे. एकरकमीचा आकडा ठरवण्याआधी नवऱ्याचे तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, मागा. पोटगीच्या भांडणात २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे दोघांना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, संमतीच्या घटस्फोटात मात्र तुम्ही मागितलं नाही तर बरेचदा कोणी विचारत नाही, त्याने सांगितला तो पगार खरा धरून चालतात.

ठाणेकरीण :
आणि लॉकर जॉइंट असेल तर दागिन्यांची यादी आजच करा, पाटल्या, तोडे, माहेरहून आलेलं काय, सासरहून काय, वजन आणि फोटोसकट. ते स्त्रीधन आहे, म्हणजे बाईची स्वतःची मालमत्ता, पोटगीच्या रकमेतून त्याची वजाबाकी करू देऊ नका.