तातडीचं: जोशुआ ट्री, तीन भाचरं आणि पन्नास लिटर पाणी

प्रेषक: बंडू
मंगळवार, रात्री ११:१२

मंडळी,

शनिवारी सकाळी जोशुआ ट्रीला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात, निघतोय. बॉय स्काउट ट्रेल ही तिथली पायवाट, दोन रात्री, परमिट काढून झालंय. ताईची तिघं (१७, १४ आणि १२) रविवारी येऊन धडकलीत. तंबूत आजवर एकदाच झोपलेत, तेही अंगणात, आणि मध्यरात्री धाकटा उठून घरात गेला होता.

आज हिशेबाला बसलो आणि डोकं धरलं. पार्कवाले माणशी दिवसाला कमीत कमी १ गॅलन सांगतात, म्हणजे चारेक लिटर, आणि चालणार असाल तर त्याहून जास्त. आम्ही नवरा-बायको धरून पाच डोकी, अडीच दिवस. झाले ५० लिटर. म्हणजे ५० किलो, आणि हे नुसतं पाणी. तंबू, झोपायच्या पिशव्या, खाणं अजून तराजूवर चढलेलंच नाही. धाकटा स्वतःच ३६ किलोचा आहे.

दोन प्रश्न. वाटेत कुठे पाणी भरता येतं का? आणि मंडळाचे पाण्याचे निळे डबे कोणाकडे आहेत? गेल्या वेळी अप्पांकडे होते.

उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

बंडू


प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री ११:५५
विषय: उत्तर: तातडीचं

बंडू, जोशुआ ट्रीचा हट्ट सोड. मुलांना पहिल्यांदाच नेतोयस तर ग्रँड कॅन्यनला ने. ब्राइट एंजल ट्रेलने इंडियन गार्डनपर्यंत उतरायचं, तिथे नळ आहे, झाडं आहेत, संडास आहे. पाणी वाहायची कटकटच नाही. मी आणि माझा मेव्हणा गेलो होतो तेव्हा दीड तासात खाली. वर यायला पाच तास लागले ही गोष्ट वेगळी. मेव्हणा शेवटच्या मैलात दर वळणावर बसत होता आणि दर वेळी मला विचारत होता की ही कल्पना कोणाची. अजून विचारतो.

पाण्याचं म्हणशील तर मुलांना तासाला एक लिटर पाजत राहायचं, तहान लागो न लागो. बस.

नाना


प्रेषक: माई
बुधवार, सकाळी ६:२०
विषय: उत्तर: उत्तर: तातडीचं

नाना, त्या जागेचं नाव २०२२ पासून हवासुपाई गार्डन्स आहे. कड्यापासून साडेचार मैल, सुमारे ३,००० फूट खाली. आणि तिथल्या नळाच्या भरवशावर कोणी जाऊ नये, ती पाइपलाइन जुनी आहे आणि सारखी फुटत असते. शिवाय शनिवारचं मुक्कामाचं परमिट बुधवारी कुठून आणायचं? त्याने विचारलंय एक, तुम्ही सांगताय दुसरं.

बंडू, वाटेत पाणी नाही. बॉय स्काउटवर नाही आणि पार्कच्या आतल्या भागात कुठेच नाही. नळ आहेत ते सगळे कडेकडेला: पश्चिम दरवाजा, इंडियन कोव्हचं रेंजर स्टेशन, ब्लॅक रॉक, कॉटनवूड आणि ट्वेंटीनाइन पाम्सच्या बाजूला. नकाशावर बार्कर डॅमपाशी निळा ठिपका दिसेल, त्याला भुलू नकोस. कधी तिथे तळं असतं, कधी नुसती चिखलाची खपली, आणि असलं तरी आतलं पाणी जनावरांसाठी राखलेलं आहे. फिल्टर घरीच ठेव.

माझं विचारशील तर दोन रात्री हीच चूक आहे. पाण्याने ट्रिप ठरवायची असते, तू ट्रिप ठरवून पाणी शोधतोयस.

माई


प्रेषक: अप्पा
बुधवार, सकाळी ७:०५
विषय: निळे डबे (वेगळा विषय करतोय)

"गेल्या वेळी अप्पांकडे होते" हे वाक्य मी आता तिसऱ्यांदा वाचतोय. डबे माझ्या गॅरेजमध्ये आहेत, माझ्याकडे नाहीत. फरक आहे. सहल समितीने ठेवायला दिले, परत न्यायला कोणी आलं नाही. चार डबे आहेत, दोनांची टोपणं गळतात. ते कोणी आणि कशाने आवळली होती त्यात आता शिरत नाही, खजिनदारांना माहीत आहे.

एक डबा ७ गॅलनचा. भरला की २६ किलो. ती पाठीवर न्यायची वस्तू नाही, गाडीच्या डिकीत ठेवायची आहे. पाठीवर न्यायला दोन-दोन लिटरच्या बाटल्या घे. एक फुटली तर दोनच लिटर जातात.

डबे हवे असतील तर शुक्रवारी ७ नंतर. आधी फोन करणे.

अप्पा


प्रेषक: भाऊ
बुधवार, सकाळी ९:४०
विषय: उत्तर: उत्तर: तातडीचं

अरे एवढं काय! आदल्या दिवशी जाऊन पाणी पुरून, म्हणजे लपवून यायचं. आम्ही रायडिंग अँड हायकिंग ट्रेलवर असंच केलं होतं. चार-चार लिटरच्या बाटल्या, वर नाव आणि तारीख, परतताना रिकाम्या उचलून आणल्या. पाठीवर एका वेळी सहा लिटरच्या वर कधी नव्हतंच.

भाऊ


प्रेषक: माई
बुधवार, सकाळी १०:०२
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: तातडीचं

भाऊ, तो ट्रेल मधेमधे गाडीरस्ता ओलांडतो म्हणून तुम्हाला जमलं. ३५ मैलांचा आहे, पण गाडी जवळ नेता येते. बॉय स्काउट ८ मैलांचा, एक टोक पार्क बुलेव्हार्डला आणि दुसरं इंडियन कोव्हला, मधे एकही रस्ता नाही. मधोमध पाणी ठेवायचं तर ते आदल्या दिवशी पाठीवरच न्यायचं. मग बचत कसली?

आणि आरपार जायचं असेल तर दोन गाड्या लागतील हे बंडूने लिहिलेलं नाही. इंडियन कोव्हहून गाडीने आत येता येत नाही, हायवे ६२ ला बाहेर पडून वळसा घालावा लागतो.

माई


प्रेषक: वहिनी
बुधवार, दुपारी १२:३०
विषय: नाना, असं नका सांगू

सकाळपासून ड्यूटीवर होते, आत्ता वाचलं. नाना, "तहान लागो न लागो तासाला एक लिटर" हे कृपा करून मुलांच्या बाबतीत नका सांगू. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि पोटात मीठ गेलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, मूल गोंधळल्यासारखं वागतं. घरच्यांना वाटतं ऊन लागलं, आणि ते आणखी पाणी पाजतात. तासाला साधारण अर्धा लिटर, थोडं थोडं, आणि दर थांब्याला खारं काहीतरी: खारे दाणे, चिप्स, काहीही. ऊन चढलं, चढ लागला तर जास्त. लघवी फिकट पिवळी असली की झालं. गडद असेल तर कमी पडतंय. पाण्यासारखी असेल आणि पोरगं दर दहा मिनिटांनी थांबत असेल तर जरा आवरा.

बारा वर्षांचा मुलगा मामासमोर हे सांगणार नाही. त्याला आधीच सांगून ठेवा की विचारलं जाईल.

शिजवायचं काही नेऊ नका, नूडल्ससुद्धा नाही. जेवढं पाणी पातेल्यात जाईल तेवढं प्यायला कमी.

वहिनी


प्रेषक: नाना
बुधवार, दुपारी १:१०
विषय: उत्तर: नाना, असं नका सांगू

मान्य. मेव्हण्याचं त्या दिवशी तेच झालं होतं बहुतेक. वर पोचल्यावर गाडीचा रंग कुठला ते त्याला आठवेना. आम्ही हसलो होतो.


प्रेषक: छोटी
बुधवार, संध्याकाळी ५:४५
विषय: उत्तर: तातडीचं

बंडूमामा,

मला बाराव्या वर्षी असंच एका मामाने नेलं होतं (तो या यादीवर आहे, त्याला कळेल). वाळवंटाचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतो तो सॅकचा उजवा पट्टा. खांद्यावर वळ उठला होता, आणि मी रडायचं नाही म्हणून वाटेतले दगड मोजत होते. पुढची पाच वर्षं मी कॅम्पिंगचं नाव काढू दिलं नाही. धाकट्याच्या पाठीवर २ लिटर आणि त्याची झोपायची पिशवी, याउपर काही नको. मोठा हौसेने मागेल, त्यालाही मर्यादा घाल. १७ वर्षांची मुलं पहिला मैल पळत जातात.

पळण्यावरून: त्याला पुढे जाऊ देऊ नकोस. तिथले दगडांचे ढीग सगळे सारखे दिसतात. वर चढलं की चहूकडचं दिसतं आणि वाटतं कळलं, खाली उतरलं की भिंतीच भिंती. शिवाय चढताना हाताला सापडलेली खाच उतरताना पायाला सापडत नाही. तिघांच्या गळ्यात शिट्ट्या, आणि मागचा दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं. फोनला रेंज नसते, नकाशा घरीच उतरवून घे.

चोया निवडुंगाचं सांगितलंस का त्यांना? गोंडस दिसतो, मऊ केसाळ, आणि हात लागायच्या आत अंगाला. ओढून काढायला गेलं की बोटांना चिकटतो. कंगवा ने. काटेरी गोळा आणि कातडी यांच्या मधे कंगव्याचे दात सरकवायचे आणि एका झटक्यात उडवायचा, आपल्यापासून लांब, भावंडांपासूनही. उरलेले काटे चिमट्याने.

अजून एक. कासव दिसलं तर कोणी उचलायचं नाही. वाळवंटी कासव १९९० पासून संरक्षित यादीत आहे, पण मुलांना खरं कारण सांग: ते मूत्राशयात पाणी साठवून महिनोन्‌महिने काढतं, उचललं की घाबरून सगळं सोडून देतं, आणि कोरड्या दिवसांत त्यातच मरू शकतं. निघताना गाडीखाली वाकून बघा, सावलीला येऊन बसतात.

छोटी


प्रेषक: भाऊ
बुधवार, संध्याकाळी ६:०५
विषय: कंगवा

प्लॅस्टिकचा नको. दात मोडतात. धातूचा, दात जरा विरळ असलेला.


प्रेषक: अप्पा
बुधवार, संध्याकाळी ६:२०
विषय: उत्तर: कंगवा

प्लॅस्टिकचा चालतो. माझा चालला होता. भाऊंचा मोडला कारण ते गोळा दाबत होते.


प्रेषक: भाऊ
बुधवार, संध्याकाळी ६:२४
विषय: उत्तर: उत्तर: कंगवा

तुमच्या पोटरीतून तो गोळा कोणी काढला होता ते आठवतंय का?


प्रेषक: माई
बुधवार, संध्याकाळी ६:४०
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: कंगवा

दोन्ही न्या. बंडू, तू आहेस का? काय ठरलं?


प्रेषक: बंडू
बुधवार, रात्री १०:५०
विषय: ठरलं

मंडळी,

आज संध्याकाळी तिघांच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून कॉलनीला दोन चकरा मारायला लावल्या. धाकट्याने दुसऱ्या चकरीत पट्ट्याखाली टॉवेल घातला, पण बोलला काही नाही. छोटीचं पत्र वाचलेलं असल्यामुळे मला दिसलं. मोठ्याने १० किलो उचलले, पहिली चकरी पळाला, दुसरीत बसला. भाचीला विचारलं तर म्हणाली, "मामा, आपण तिथे नक्की कशासाठी जातोय? चालायला की राहायला?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तारे बघायला, असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली मग एवढं लांब कशाला जायचं.

तर आरपार रद्द. दुसरी रात्र रद्द. पार्क बुलेव्हार्डच्या टोकाकडून आत शिरायचं, तो भाग बराचसा सपाट आहे, परमिटला बसेल तेवढं थोडंच आत जाऊन मुक्काम, रविवारी त्याच वाटेने परत. परमिट बदलतोय. माणशी ६ लिटर, म्हणजे ३०. मी ९, ही ९, मोठा ६, भाची ४, धाकटा २. शिवाय गाडीत एक निळा डबा भरलेला, परत आल्यावर कोणी तहानेने मरायला नको आणि टायर बसला तर दिवसभर पुरायला हवं.

हिचं म्हणणं ९ किलो पाणी तिने का उचलायचं, भाचे माझे आहेत. त्यावर चर्चा चालू आहे.

रात्री थंडी किती असते मार्चअखेर? मुलांकडे नुसते सुती हूडी आहेत.

बंडू


प्रेषक: माई
गुरुवार, सकाळी ६:१५
विषय: उत्तर: ठरलं

आता बरोबर.

वसंतात तिथे सरासरी दिवसा ८५ आणि रात्री ५० फॅरनहाइट असतं, पण सरासरीवर झोपू नकोस, वारा सुटला की हाडात शिरतो. सुती कपडा घामाने ओला झाला की तो रात्रभर गार. लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, आणि टोपी. शेकोटी आतल्या मुक्कामाला चालत नाही, मुलांना आधीच सांग, नाहीतर मार्शमेलो घेऊन येतील आणि तोंड पाडून बसतील. तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात लावायचा नाही. वाळू मऊ, सपाट, सगळ्यांना तीच जागा आवडते. पाऊस डोंगरात लांब कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं.

उघड्या बाटलीवर आणि ओल्या टॉवेलवर मधमाश्या जमतात, पाण्याला येतात त्या. हाकलायच्या नाहीत, झाकण लावायचं.

बायकोला सांग, ७ लिटर उचल म्हणून. उरलेले २ तुझ्याकडे. ११ होतील, होऊ देत.

माई


प्रेषक: छोटी
गुरुवार, सकाळी ८:३०
विषय: उत्तर: उत्तर: ठरलं

भाचीला माझा नंबर दे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला पण हवंय.


प्रेषक: अप्पा
गुरुवार, सकाळी ९:००
विषय: उत्तर: निळे डबे

चारही डबे धुतले. एकात अजून सरबताचा वास आहे, ते कोणी भरलं होतं ते मला माहीत आहे. बेकिंग सोडा घालून ठेवलाय. गळणाऱ्या टोपणांना वायसर आणले, एक बसला, दुसरा सैल आहे. तीन डबे पाणी धरतात. शुक्रवारी ७ नंतर ये, आणि या वेळी वहीत सही करायची.

कंगवा डब्याला बांधून ठेवलाय. प्लॅस्टिकचा.

अप्पा