सल्ला हवा: मेळाव्यात पंधरा मिनिटं बोलायचंय, हात आणि आवाज दोन्ही ऐकत नाहीत (बजेट १५०० रु.)

डाळिंबवाला
नमस्कार मंडळी. मी आटपाडी भागातला, घरची डाळिंबाची बाग आहे. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात मला डाळिंबावरच्या तेल्या रोगावर बोलायला उभं करतायत. मंगल कार्यालय, चारेकशे माणूस, वर पत्रा. विषयाची भीती नाही. बांधावर कुणी विचारलं तर तासभर बोलतो. पण स्टेजवर गेलो की हातांचं काय करावं कळत नाही, कागद थरथरतो, आवाज बारीक होतो आणि श्वास न घेता बोलत सुटतो. मागं एका सत्काराला दोन शब्द बोललो, तर घरी आल्यावर बायको म्हणाली, "कुणावर चिडला होता?"
कागद ठेवावा का? पोडियमच्या मागं उभं राहावं की पुढं यावं? ऑनलाइन कॉलर माईक बघतोय, तो घ्यावा का? बजेट १५०० रुपये. क्लाससाठी पुण्या-मुंबईला येणं जमणार नाही, हस्त बहाराची (सप्टेंबर-ऑक्टोबरात धरायच्या फुलोऱ्याची) कामं चालू आहेत.

वक्तृत्वप्रेमी_सर
आरशासमोर सराव करा. दुसरा उपाय नाही. मी शाळेत असताना जिल्हास्तरीय ढाल आणली होती, ती अजून दिवाणखान्यात आहे. आमचे गुरुजी प्रत्येक वाक्याला हात बसवून घेत. 'आकाश' म्हणताना हात वर, 'एकजूट' म्हणताना मूठ. आजकालच्या मुलांना हे कोण शिकवतं?

कोथरूडचा_कट्टा
शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा काय बोलायचं याची चिंता सोडा, कसं उभं राहायचं ते शिका. मी दोन दिवसांची निवासी कार्यशाळा केली, अठरा हजार भरून. आयुष्य बदललं. बजेट थोडं वाढवता आलं तर बघा.

डाळिंबवाला
दादा, अठरा हजारांत माझं शेणखत येतंय.

शंकासुर
ते ७-३८-५५ आता तरी पुरा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे ते प्रयोग १९६७ चे. एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की राग, एवढंच ओळखायला सांगायचं. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच सांगतो, तेव्हा माणूस सुरावर विश्वास ठेवतो, इतकाच त्याचा अर्थ. भाषणाला हे आकडे लावू नका, असं खुद्द मेहराबियन सांगत आले आहेत. नाहीतर जपानी शेतकऱ्याचं भाषण आपल्याला ९३ टक्के कळायला हवं.
यातलं तुमच्या उपयोगाचं एकच: "तुम्हाला भेटून आनंद झाला" हे चिडक्या आवाजात म्हटलं, तर लोकांच्या लक्षात चीड राहते. वहिनींनी नेमकं तेच पकडलंय.

कोथरूडचा_कट्टा
आमचे ट्रेनर परदेशात शिकून आलेत.

साउंडवाले_काका
मंडप-साउंडचा धंदा केला, आता मुलगा बघतो. वक्ते ढिगानं पाहिले. कॉलर माईक घेऊ नका. तुम्ही बघताय तो मोबाईलवर व्हिडिओ करायचा असतो, हॉलच्या मशीनला तसा सरळ लागत नाही. लावलाच तर तो चारी बाजूंचा आवाज ओढतो. पत्र्याखाली शिट्टी सुरू झाली की लोक तुमच्याकडे नाही, ऑपरेटरकडे बघत बसतात.
तिथं जो माईक असेल तो स्टँडवर ठेवायला सांगा. हातात धरू नका, थरथर दिसते. तोंडापासून चार बोटं लांब आणि ओठांच्या जरा खाली ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' ला धडधड होत नाही. हातात घ्यावाच लागला तर जाळीवर मूठ आवळू नका, त्यानं हमखास शिट्टी येते. आणि बोलता बोलता स्पीकरच्या पुढं जाऊन उभे राहू नका. आमच्याकडे एका पाहुण्यानं जोशात येऊन तेच केलं होतं, पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ शेवटपर्यंत रडत होतं.
आवाज बारीक येतो म्हणालात, तर माईकच्या थोडं जवळ जाऊन हळू बोला. या माईकांत जवळून बोललं की खालचा सूर आपोआप भरतो, लांबून ओरडलं की पत्र्याचा डबा वाजतो. सकाळी लवकर जाऊन ऑपरेटरला चहा पाजा. १५०० मधले २० रुपये तिथं घाला.

न्यूजर्सीकर
काकांशी असहमत. चांगला वायरलेस सेट घ्या, १२-१५ हजारांत येतो, पुढच्या भाषणांनाही होईल. मी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी घेतला, आजवर कुणाची तक्रार नाही. दुसरं म्हणजे टोस्टमास्टर्स (भाषणाचा सराव करायचा क्लब) लावा. १९२४ पासून चालू आहे, सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. तिथं तुम्ही किती वेळा 'अं', 'म्हणजे' म्हणालात ते मोजायला खास माणूस बसवतात. आटपाडीत शाखा नसेल तर काढा!

साउंडवाले_काका
तो माणूस चार भाषणांनंतर 'पुढचं कधी' विचारणार नाहीये हो. त्याला बागेत जायचंय.

गळ्याची_गोष्ट
मी प्राथमिक शिक्षिका. साठ मुलांच्या वर्गात वर्षानुवर्षं ओरडून स्वरयंत्रावर गाठी आल्या. डॉक्टरांनी आवाजाला पूर्ण विश्रांती दिली, मग थेरपी. तिथं शिकले ते सांगते. घसा खाकरू नका, खाकरताना स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या. घसा बसला तर कुजबुजूही नका, कुजबुजण्यानंही ताण येतोच. आवाज बारीक होतो कारण भीतीनं मान आणि खांदे आवळले जातात आणि श्वास छातीत वरच्या वर राहतो. बोलायच्या आधी तो पूर्ण बाहेर सोडा. लोक आत घ्यायला सांगतात, पण आधी सोडलात की पुढचा आपोआप पोटात जातो. भाषणाच्या आठवडाभर आधीपासून बागेतल्या गड्यांना लांबून हाका मारणं बंद.

वक्तृत्वप्रेमी_सर
ज्येष्ठमध आणि खडीसाखर. शिवाय मी वर म्हटल्याप्रमाणे आरसा.

रुमाल_टाकतो
वाचतोय. मलाही मुलीच्या लग्नात बोलायचंय.

माळकरी_पोरगा
आजोबा कीर्तनकार होते. ते सांगायचे, वाक्याचं शेपूट सोडू नको. मराठीत क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. वाक्य जोरात सुरू करून शेवटी दम संपला की नेमकं 'नाही'च गिळलं जातं. तुम्ही म्हणणार, "रोगट फांदी छाटून बागेतच टाकायची नाही", मागच्या रांगेला ऐकू जाणार "बागेतच टाकायची". उपाय साधा आहे: वाक्य छोटं करायचं, शेवटचा शब्द पहिल्याइतकाच भरीव म्हणायचा आणि मग थांबायचं. पत्र्याखाली आवाज घुमतो, तो विरेपर्यंत पुढचं वाक्य काढायचं नाही. तुम्हाला ती शांतता फार लांब वाटेल, ऐकणाऱ्याला वाटत नाही.
एखादं कीर्तन आवाज बंद करून बघा. बुवा पूर्वरंगात हात फारसे हलवत नाहीत. निरूपण चालू असतं. उत्तररंगात गोष्ट सुरू झाली की मग हात, मान, पाऊल सगळं बोलतं. सरांच्या 'आकाश'ला हात वर करण्याशी माझं हेच भांडण आहे. आकाश कुठं असतं ते शेतकऱ्याला दाखवावं लागत नाही.

वक्तृत्वप्रेमी_सर
ढाल तुम्ही आणली की मी?

चौकस_चाकोली
अवांतर: भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे चार अभिनय सांगितलेत. देहबोली हा पाश्चात्त्यांचा शोध नाही. आहार्य म्हणजे वेशभूषा. त्याचा विचार केलात का? फेटा बांधा.

पिंपळगावचा
ते राहू द्या. तेल्याला तुम्ही नेमकं काय केलं ते सांगा. माझी बाग मृग बहारात गेली.

डाळिंबवाला
मृग धरलात तिथंच घोळ झाला बघा. तेल्या म्हणजे जिवाणू, त्याला ओलावा आणि ऊब दोन्ही पाहिजे. मृगात फळ वाढतं तेव्हा नेमका पाऊस. मी दोन वर्षं मृग सोडला आणि हस्त धरला. छाटणी करताना एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या (जंतुनाशकाच्या) पाण्यात बुडवायची, हे गड्यांना पटवायला सगळ्यात वेळ गेला. काप घेतला की बोर्डो (मोरचूद-चुन्याची) पेस्ट. रोगट फळं, फांद्या बागेबाहेर नेऊन जाळायच्या, बांधाला ढीग लावायचा नाही. एक टक्का बोर्डोची फवारणी विश्रांतीच्या काळात. एवढं करून पण शेजाऱ्याची बाग साफ नसली तर वारा-पावसानं परत येतो. म्हणून सगळ्या शिवारानं एकदम करायला पाहिजे, एकट्यानं भागत नाही.

गळ्याची_गोष्ट
हे वाचताना एकदाही अडखळले नाही. "मृग धरलात तिथंच घोळ झाला" इथूनच सुरुवात करा. 'व्यासपीठावरील सन्माननीय' वगैरे नंतर.

चौकस_चाकोली
नावं आधी घेतली नाहीत तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

पुणेरी_पाटी
एक सुचवतो, राग नसावा. 'मागं', 'पुढं', 'घोळ' हे ठीक आहे, पण व्यासपीठावर प्रमाण भाषा वापरलेली बरी. न आणि ण कडे लक्ष द्या.

माळकरी_पोरगा
चारशे डाळिंबवाल्यांसमोर प्रमाण भाषा? लोकांना वाटेल कंपनीचा माणूस औषध विकायला आलाय.

पुणेरी_पाटी
आमच्याकडे वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. भाषेचा दर्जा सांभाळला म्हणूनच टिकली.

पिंपळगावचा
अत्रे शिवाजी पार्कावर बोलायचे तेव्हा न आणि ण मोजत होतं का कुणी?

(इथं दहा-बारा प्रतिसाद अत्रे, शिवाजीराव भोसले आणि हल्लीचे पुढारी यांवर झाले. धागा वादात भरकटल्यानं ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

कोथरूडचा_कट्टा
मूळ मुद्द्यावर येतो. स्टेजवर जायच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभे राहा. हार्मोन बदलतात. आमच्या कार्यशाळेत केलं होतं.

शंकासुर
२०१० चा अभ्यास, ४२ माणसांवरचा. २०१५ मध्ये दोनशे माणसांवर करून पाहिला, हार्मोन काही हलले नाहीत. 'जरा बळ आल्यासारखं वाटलं' एवढं मात्र लोक म्हणाले. २०१६ मध्ये मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनीच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आपण मानत नाही. उभं राहायला हरकत नाही, फुकट आहे. फक्त संडासाच्या रांगेत नको.
त्यापेक्षा एक चांगला अभ्यास आहे, २००३ चा, सावित्स्की आणि गिलोविच यांचा. आपली भीती समोरच्याला दिसते असं वक्त्याला वाटतं, प्रत्यक्षात तितकी ती दिसत नाही. बोलायच्या आधी काही जणांना एवढंच समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणं खरोखर बरी झाली. तुमचा थरकाप पहिल्या रांगेलाही धड दिसत नसतो.

साउंडवाले_काका
कागदाचा दिसतो. पातळ ए-फोर असला की लटलट हलतो. वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

न्यूजर्सीकर
कागद कशाला? पाठ करा. पुढं या, मोकळं फिरा. पोडियम म्हणजे भिंत.

गळ्याची_गोष्ट
फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं पाठ. बाकी मुद्दे.

वक्तृत्वप्रेमी_सर
सगळं पाठ. आरशासमोर.

रुमाल_टाकतो
कागद नकोच, असं बहुमत दिसतंय.

डाळिंबवाला
सगळ्यांचे आभार. मेळावा काल झाला.
कागद नेला. पुठ्ठ्यावर चिकटवून नेला आणि सरळ वाचला. लोकांकडे बघून बोलायला गेलो की पळत सुटतो, वाचताना बोट ओळीवर ठेवलं की बोटाच्या वेगानं बोलतो. पोडियमच्या मागंच उभा राहिलो, दोन्ही हात त्यावर, म्हणजे त्यांचा प्रश्न मिटला. मान फार वर झाली नाही, ते कळत होतं. 'नाही'वाली वाक्यं मात्र लाल पेनानं खुणा करून नेली होती, तिथं थांबलो. नावं आधीच घेतली, सरपंच समोर बसलेले.
बायको म्हणाली, शाळेत धडा वाचल्यासारखं झालं, पण चिडलेला नव्हतास. नंतर बाहेर जेवणाच्या रांगेत मात्र पंधरा-वीस जणांनी घेरलं आणि तिथं तासभर बोललो. कात्रीचं पाणी किती वेळानं बदलायचं हे सगळ्यांनी विचारलं, ते भाषणात राहूनच गेलं होतं.
१५०० रुपयांतून छाटणीच्या दोन कात्र्या घेतल्या.

कोथरूडचा_कट्टा
वाचून दाखवलं म्हणजे तो निबंध झाला, भाषण नव्हे.

न्यूजर्सीकर
व्हिडिओ असेल तर टाका, देहबोलीवर अभिप्राय देतो.

डाळिंबवाला
व्हिडिओ पुतण्यानं काढला, पण सगळा सरपंचांचा आला.

पिंपळगावचा
मग किती वेळानं बदलायचं ते पाणी?

नवा_सदस्य
धागा वर काढतोय. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. आरशासमोर सराव करून पाहिलात का?